उशिरा जाग आली? उशीर एकाच डब्यात राहू द्या

नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय. विरारच्या गाडीत उभं राहून इअरफोन सांभाळणं ज्यांना जमत नाही, त्यांनी वाचून घ्या.

आजचा विषय तुमच्यातल्या अनेकांनी याच आठवड्यात अनुभवला असेल. राहता बोरिवलीला किंवा मुलुंडला. रोज सातला उठता. आज डोळे उघडले, मोबाईल बघितला आणि त्यावर ८:४०. अलार्म वाजला होता की नाही तेही आठवत नाही. रोजची फास्ट कधीच गेली. ऑफिसच्या ग्रुपवर चार मेसेज येऊन पडलेत. आता काय?

बहुतेक वेळा आपण दोनपैकी एक करतो. एक तर वेड्यासारखी धावपळ करून गेलेली सगळी मिनिटं परत मिळवायला बघतो. नाहीतर "आजचा दिवस गेलाच" म्हणून उरलेलाही सोडून देतो. दोन्हींत नुकसान उशिरापेक्षा मोठं होतं. आज बोलायचंय ते तिसऱ्या रस्त्याबद्दल.

आधी हिशोब करू

सातला उठून साडेअकराला झोपणारा माणूस साडेसोळा तास जागा असतो. आज तो ८:४० ला उठला, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं गेली. साडेसोळा तासांतला हा साधारण दहावा भाग. रुपयातले दहा पैसे हरवले म्हणून कोणी उरलेले नव्वद पैसे गटारात टाकत नाही. दिवसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

आता हे दहा पैसे परत मिळणार आहेत का? नाही. हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं जातं. आपलं काम एवढंच, की हा उशीर जिथे झाला तिथेच थांबवायचा. तो प्रवासात, जेवणात, दुसऱ्यांच्या कामात, रात्रीच्या झोपेत आणि उद्याच्या सकाळीत पसरू द्यायचा नाही.

हे काम मुंबईत रोज कोण करतं?

डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. करोनाच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत होते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या घरांतून डबा निघतो, सायकलवरून स्टेशनवर येतो, तिथे खुणा बघून वेगळा होतो आणि लोकलने पुढे जातो.

आता गंमत बघा. या सगळ्या साखळीत लोकलचा वेग डबेवाल्याच्या हातात नाही. गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१२ मध्ये त्यांच्यावर एक लेख लिहिला. त्यात दिलंय, की मोठ्या स्टेशनवर डबे चढवायला ४० सेकंद मिळतात आणि मधल्या स्टेशनवर फक्त २०. मग एखादं घर उशीर करतं तेव्हा ते काय करतात? एका डब्यासाठी बाकीच्या घरांचे डबे अडकवत नाहीत. सतत उशीर करणारं गिऱ्हाईक शेवटी सोडून देतात. आणि प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची ठेवतात, कोणी अडलं तर ती धावून जातात.

म्हणजे जास्त जोरात पळणं हे त्यांचं उत्तर नाहीच. एकाचा उशीर दुसऱ्यावर जाऊ द्यायचा नाही आणि थोडी जागा आधीच मोकळी ठेवायची, या दोन गोष्टींवर त्यांचं काम चालतं. आपल्यालाही तेवढंच करायचंय.

पहिली दहा मिनिटं: डोकं अजून झोपलेलंय

जाग आली म्हणजे मेंदू पूर्ण जागा झाला असं नसतं. उठल्यानंतरची गुंगी साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास राहते, कधी तासभरही. या वेळात लक्ष कमी असतं आणि निर्णय कच्चे होतात. घाबरून उठलात तरी गुंगी असतेच, फक्त धडधडीमुळे ती कळत नाही. किल्ली घरात विसरणं, चुकीच्या ग्रुपवर मेसेज जाणं, जिन्यात पाय घसरणं हे सगळं याच वेळात होतं.

म्हणून आधी पडदा उघडा किंवा गॅलरीत जा, उजेड डोळ्यांवर येऊ द्या. तोंडावर पाणी मारा, ग्लासभर पाणी प्या. आणि घरच्यांवर "मला उठवलं का नाहीस?" म्हणून ओरडू नका. आईने दोनदा हाक मारलेली असते, तुम्ही "उठलो" म्हणालेलाही असता. तिच्याशी भांडण झालं, तर झोपेचा उशीर तिच्या दिवसात गेला.

मग एक मेसेज

ऑफिसला किंवा कॉलेजच्या ग्रुपला कळवायचं, पण निबंध लिहायचा नाही. ताप, पाहुणे, सिग्नलचा बिघाड, काही बनवायचं नाही. लोकल वेळेवर चालू आहे की नाही हे समोरचाही मोबाईलवर बघू शकतो. साधं लिहा:

"सर, आज मला उशीर झालाय. १०:४५ पर्यंत पोहोचतो. ११ च्या मीटिंगला असेन. सकाळचा रिपोर्ट १२:३० पर्यंत पाठवतो."

यात तीन गोष्टी आहेत: कधी येणार, काय चुकणार नाही, काय मागे जाणार. समोरच्याला तुमच्या झोपेत रस नसतो, त्याचं काम अडणार का एवढंच त्याला हवं असतं. आणि वेळ सांगताना पंधरा मिनिटं जास्तीची धरा. १०:३० ला पोहोचाल असं वाटत असेल तर १०:४५ सांगा. डबेवाल्यांची जास्तीची माणसं, ती हीच.

प्रवास: इथे जीव लागतो

हा भाग मनावर घ्या. करोनाचा काळ सोडला तर गेल्या काही वर्षांत मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेलीत. रूळ ओलांडताना आणि चालत्या गाडीतून पडून, ही त्यातली मोठी कारणं. एरवी आपण ब्रिजवरूनच जातो. सुटलेली गाडी धावत पकडायचा, दारात लटकायचा मोह होतो तो उशिराच्या दिवशीच.

आता त्याचा हिशोब करा. गर्दीच्या वेळी पुढची गाडी काही मिनिटांत येते. लेट मार्क तर आधीच लागलाय. दहा मिनिटांचा उशीर पंधरा झाला तरी तो मार्क काही मोठा होत नाही. मग त्या पाच मिनिटांसाठी दारात कशाला लटकायचं? बऱ्याच ऑफिसांत तीन लेट मार्कांवर अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, ते लागतंच हो. पण अर्धा दिवस पुढच्या महिन्यात भरून येतो.

पर्यायही बघून ठेवा. बोरिवली ते अंधेरी एवढंच जायचं असेल तर फास्ट आणि स्लोमध्ये फरक थोड्याच मिनिटांचा असतो, समोर आलेली स्लो पकडली तरी चालतं. त्याच पट्ट्यात आता मेट्रोही आहे: लिंक रोडच्या बाजूने २ए आणि हायवेच्या बाजूने ७, दोन्ही जानेवारी २०२३ पासून अंधेरीपर्यंत. घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्यांना २०१४ पासून मेट्रो १ आहे. वर्सोवा ते घाटकोपर हे ११.४ किलोमीटर ती वीस-बावीस मिनिटांत कापते. उशिराच्या दिवशी रिक्षा काढून हायवेवर अडकण्यापेक्षा ठरलेल्या वेळेत पोहोचवणारी गोष्ट बरी.

आणि साडेदहानंतर गर्दी हळूहळू ओसरते. कधी कधी बसायलाही मिळतं. मग ती वेळ रील्समध्ये घालवू नका, पुढचं काम तिथे करा.

गाडीत बसून दिवस नव्याने मांडा

मोबाईलच्या नोट्समध्ये आज करायची सगळी कामं लिहा. समजा सात झाली. आता त्यांचे तीन गट करा.

पहिला गट: आज नाही झालं तर दुसऱ्या कोणाचं अडेल. क्लायंटला पाठवायची फाईल, ग्रुप प्रोजेक्टमधला तुमचा भाग, आजीच्या गोळ्या आणणं.

दुसरा गट: आज नाही झालं तर फक्त माझंच थोडं अडेल.

तिसरा गट: उद्या केलं तरी कोणाला कळणारही नाही.

पहिल्या गटात सहसा एक किंवा दोनच कामं निघतात. पोहोचल्यावर मेल, चहा, "काय रे, आज लेट?" या सगळ्याच्या आधी त्यातलं एक काम घ्या आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तेवढंच करा. तिसरा गट सरळ उद्यावर ढकला. सातच्या सात कामं कमी वेळात कोंबायला गेलात तर सातही अर्धी राहतील, आणि मग उशीर सात जागी पसरेल.

नाश्ता राहिला असेल तर स्टेशनबाहेर दोन केळी घ्या, इडली खा, पण काहीतरी खा. उपाशीपोटी चहावर चहा मारून दुपारी डोकं धरून बसण्यात काही कमाई नाही.

दुपार आणि रात्र: खरा उशीर इथे होतो

संध्याकाळी वाटतं, सकाळी दोन तास गेले, रात्री दोन तास जास्त बसून भरून काढू. हाच तो सापळा. रात्री दीडला झोपलात की उद्या पुन्हा ८:४०. एका दिवसाचा उशीर आठवडाभर चालतो तो असा.

म्हणून तीन नियम. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं अर्धं कॅफिन अकरालाही अंगात असतं. दुपारी फारच डोळे मिटत असतील तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, तासाभराची नको. आणि रात्री रोजच्याच वेळेला अंथरुणात. काम राहिलं असेल तर ते दुसऱ्या गटातलं समजा.

आणि हे दर आठवड्याला होत असेल तर?

तर मग अलार्म बदलून उपयोग नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, कॉलेजच्या सुरुवातीच्या वयात आणखी जास्त. रोज पाच-साडेपाच तास झोपून शरीर एक दिवस आपली वसुली करतंच. त्याला आळस म्हणू नका, ती उधारी आहे.

त्यात आपल्या शहराचीही एक गोष्ट आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. म्हणून सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या जवळपास ३९ मिनिटं मागे असतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबई बरीच वर्षं आपली जुनी मुंबई वेळ सोडायला तयार नव्हती. आजही जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, त्यामुळे थंडीत सहाला उठणं जूनपेक्षा जड जातं. पडदे बंद ठेवून झोपणाऱ्यांना तर आणखीच.

दुसरं कारण रविवार. आठवडाभर सातला आणि रविवारी अकराला उठलं की सोमवारी शरीराला दुसऱ्या देशातून आल्यासारखं होतं. जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. रविवारी तासभर जास्त झोपा की, पण चार तास नको. अंधेरी-मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांची रात्रच दिवसा असते. त्यांनी खोलीत अंधार करून सलग झोप मिळवणं हेच मोठं काम.

आणि आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं जोरात असेल, किंवा कित्येक दिवस उठावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते टाइमटेबलने सुटणारं नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी मोबाईलवर ८:४० दिसले की एवढंच विचारा: हा उशीर मी कुठे थांबवू शकतो? मेसेजमध्ये थांबला तर मीटिंग वाचते, पहिल्या गटात थांबला तर दुसऱ्याचं काम वाचतं, आणि रात्री वेळेवर झोपलात तर उद्याचा दिवस वाचतो. आज रात्री झोपण्याआधी फक्त एक करा: पडदा थोडा उघडा ठेवा आणि मोबाईल हाताला लागणार नाही इतका लांब चार्जिंगला लावा. अलार्म बंद करायला उठावं लागलं, की अर्धं काम झालं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी सुटली तर सुटू द्या, मागून दुसरी येतेच आहे.