देवनागरी मजकूर आणि जालपृष्ठावरील मोकळी जागा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. पूर्णेपासून सुरुवात करून पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी ही नावे जालपृष्ठावर एकाखाली एक मांडली असता एक अडचण चटकन दृष्टीस पडते. ‘पू’चा ऊकार खाली उतरतो आणि त्याच्याच खाली ‘मि’ची वेलांटी वर चढते. ओळींतील अंतर रोमन लिपीच्या मापाने ठरविले असेल, तर ही दोन चिन्हे एकमेकींत शिरतात. इंग्रजी नावांच्या यादीत हा दोष सहसा जाणवत नाही.

जालपृष्ठाच्या मांडणीचे नियम ‘सीएसएस’ या भाषेत लिहितात. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दृष्टीने पृष्ठावरील प्रत्येक घटक ही एक चौकट होय. मजकुराभोवती प्रथम आतली मोकळी जागा (पॅडिंग), मग कडेची रेषा (बॉर्डर) आणि तिच्या बाहेर समास (मार्जिन) अशी ही रचना असते. आतल्या जागेस घटकाच्या पार्श्वभूमीचा रंग लागतो, समास मात्र पारदर्शक राहतो. हा भेद केवळ रंगाचा नव्हे. साध्या मांडणीत एकाखाली एक येणाऱ्या दोन परिच्छेदांचे समास २४ आणि १६ बिंदूंचे असल्यास त्यांची बेरीज होत नाही; मोठा तेवढा, म्हणजे २४ बिंदूंचा, उरतो. पॅडिंगच्या बाबतीत असे विलीनीकरण घडत नाही. नवशिक्याचा हिशेब बहुधा येथेच चुकतो. रुंदीचेही तसेच आहे: ३०० बिंदू रुंदीच्या घटकास दोन्ही बाजूंनी २० बिंदूंचे पॅडिंग व १ बिंदूची रेषा दिली, तर मूळ नियमानुसार तो ३४२ बिंदू व्यापतो. रुंदी रेषेसह मोजावयाची असल्यास तसे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

देवनागरीचा खरा प्रश्न मात्र चौकटीच्या आत, ओळीच्या उंचीचा आहे. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत खिळ्याच्या अंगालाच ठरावीक उंची असे. त्यामुळे एका ओळीचा उकार दुसऱ्या ओळीच्या मात्रेवर चढणे जवळजवळ अशक्य होते. पडद्यावर असा कोणताही भौतिक अडसर नाही. त्यातच एखाद्या कळीची (बटणाची) उंची कायमची बांधून बाहेर जाणारा भाग लपविण्याची आज्ञा दिली, तर ‘पिंगळी’चा अनुस्वार कापला जाऊन ‘पिगळी’ उरते. ही केवळ सौंदर्याची हानी नव्हे. गावाचे नावच चुकीचे वाचले जाते. उंची बांधण्याऐवजी किमान उंची सांगावी, वरखालचे पॅडिंग अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात, म्हणजे ‘एम’ या एककात द्यावे, आणि ओळीची उंची एककाविना, केवळ गुणक म्हणून लिहावी, हे अधिक सुरक्षित. इंग्रजी मथळ्यास १·२ हा गुणक पुष्कळदा पुरतो. मराठीसाठी १·५ किंवा त्याहून अधिक घेऊन, निवडलेल्या टंकात ‘पूर्णा’ आणि ‘मिरखेल’ एकाखाली एक ठेवून तपासणे इष्ट.

अक्षरांमधील अंतर वाढविण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. रोमन मथळ्यास त्याने डौल येतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि ‘परभणी’ हा एक शब्द न राहता चार सुटी अक्षरे दिसू लागतात.