मोटारींतील दोन तारांचें संभाषण

आमच्या भवानी पेठेंतून निघून पुण्याच्या रस्त्याला लागणाऱ्या नव्या मोटारींत ब्रेक, इंजिन, एअरबॅग इत्यादींपाशीं एकेक लहान संगणक बसविलेला असतो. यांतील प्रत्येकास इतरांशीं बोलावें लागतें. प्रत्येक जोडीसाठीं निराळी तार ओढली, तर तारांचें जंगलच माजेल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं ‘कॅन’ नांवाची पद्धत जाहीर केली. तींत पीळ घातलेल्या दोनच तारांवर सर्वांचें बोलणें चालतें.

संगणक व तारा यांमधील दुभाष्यास ‘ट्रान्सीव्हर’ म्हणतात. कोणी बोलत नसतां दोन्ही तारांवर सुमारें २.५ व्होल्ट दाब असतो. ‘शून्य’ कळविण्यासाठीं दुभाषी एका तारेचा दाब ३.५ पर्यंत चढवितो व दुसरीचा १.५ पर्यंत उतरवितो; ‘एक’ सांगतांना दोन्ही मोकळ्या सोडतो. ऐकणारा फक्त दोन दाबांमधील अंतर पाहतो. इंजिनाच्या ठिणगीचा उपद्रव पिळामुळें दोन्ही तारांस सारखाच पोंचतो. अंतर ढळत नाहीं, व निरोप शाबूत राहतो.

दोघे एकदम बोलूं लागले तर? शून्य एकावर मात करतो. आपण ‘एक’ म्हटलें असतां तारेवर ‘शून्य’ ऐकूं आला, कीं तो संगणक मुकाट्यानें थांबतो. अर्थात् ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान, त्यास अग्रमान. आणि त्याचा निरोप जराही न मोडतां पुढें जातो.

गणितांत आपण ताळा पाहतों, तसे प्रत्येक निरोपाच्या शेवटीं ताळ्याचे अंक असतात. ते न जुळल्यास निरोप पुन्हां धाडला जातो. वारंवार चुकणारा संगणक स्वतःच सभेबाहेर होतो.

तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोध असतो. तो नसल्यास, विजापूरच्या गोलघुमटांत आवाज घुमतो तसा संकेत टोंकावरून परततो व पुढील निरोपांत मिसळतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्यें मोजल्यास सुमारें ६० ओहम भरावे; १२० भरल्यास एक टोंक तुटलें असें समजावें.

परंतु ताळ्यावरून निरोप शाबूत आहे इतकेंच कळतें. तो कोणीं धाडला, हें कळत नाहीं. म्हणून जादा दिव्यांसाठीं या पिळाच्या तारा सोलूं देऊं नयेत, व तपासणीच्या खोबणींत अनोळखी उपकरण खोंचून ठेवूं नये. त्याच तारांवरून ब्रेकचेही निरोप जात असतात.