देशाचे बारसे मुलांना सांगू या

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर आमच्या वस्त्यांतील पहिली-दुसरीची पोरेही विचारू लागली, "त्या पुस्तकात आहे तरी काय?" कलमे-पोटकलमे सांगून लहान मूल कंटाळते. आम्ही म्हणतो, सुरुवात पहिल्या कलमापासून करा. त्यात आपल्या देशाचे नाव आहे: इंडिया, अर्थात भारत.

मुले क्रिकेट पाहताना 'इंडिया' म्हणतात, शाळेत प्रतिज्ञा घेताना 'भारत'. त्यांना विचारावे, तुझे हजेरीतले नाव कोणते आणि आई हाक कोणत्या नावाने मारते? नावे दोन, मूल एकच. देशाचेही तसेच.

मग नावे आली कुठून, ते सांगावे. सिंधू नदीच्या नावातील 'स'चा इराणी लोकांनी 'ह' केला, त्यातून हिंद आणि हिंदुस्थान. ग्रीकांच्या तोंडी 'ह'ही गळाला, इंडस झाले, त्यावरून इंडिया. भारत हे नाव आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतून आले.

आता खरी गोष्ट. १९४८ च्या मसुद्यात फक्त 'इंडिया' होते. भारत, भारतवर्ष, हिंद अशी नावे सभासदांनी सुचवली. १७ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी 'इंडिया, अर्थात भारत' ही शब्दरचना संविधान सभेपुढे मांडली. ह. वि. कामत यांचे म्हणणे, भारत आधी घ्या, इंडिया नंतर. त्यांनी आयर्लंडच्या संविधानाचा दाखला दिला. दुसऱ्या दिवशी हात वर करून मते मोजली. कामतांच्या बाजूने ३८, विरुद्ध ५१. हरलेले सभासद रुसून घरी गेले नाहीत, पुढच्या कलमांवर बोलत राहिले. मुलांना हेच समजले पाहिजे. नाव कोणा राजाने दिले नाही, बोलून आणि मोजून ठरवले.

आपल्या जिल्ह्यातील मुलांना आणखी एक सांगावे. १५ ऑगस्ट १९४७ ला परभणी निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, बाबासाहेबांनी देशाचे नाव सभेपुढे ठेवले.

इतर देशांचीही उदाहरणे द्यावीत. गोल्ड कोस्ट १९५७ साली स्वतंत्र होताच घाना झाला. सिलोन १९४८ ला स्वतंत्र झाले, श्रीलंका हे नाव घेतले १९७२ साली.

विहारात रविवारी आम्ही मुलांचा खेळ घेतो. आपल्या वर्गाला नाव काय द्यावे? प्रत्येकाने एक नाव सुचवायचे, का ते सांगायचे, शेवटी हात वर. ज्याचे नाव पडले त्याच्याकडूनच फळ्यावर निवडलेले नाव लिहून घेतो. घरी चार भावंडांतही हा खेळ जमतो, खर्च काही नाही.

नावाची किंमत आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला, बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात माणसे गेली, घरे जळाली. म्हणून माता-पित्यांना विनंती, यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून आल्यावर मुलांना जवळ बसवा, घरातील संविधान उघडा आणि पहिले कलम त्यांच्याच तोंडून वाचून घ्या.