फेअरमधला घोडा

आमच्या मंडळाने बडोद्यात पहिल्यांदा 'घरोघरच्या कलावस्तू' हे प्रदर्शन भरवलं, तेव्हाची गोष्ट. दांडिया बाजारातल्या एक आजी कापडी पिशवीतून लाकडी घोडा घेऊन आल्या. मान दोरीने जोडलेली, गळ्यात मणी, पोटाशी रंग उडालेला. "ह्यांनी फेअरमधून आणला होता. धाकटी तेव्हा रांगत होती," एवढंच त्या बोलल्या. मी घोडा उलटा करून पाहिला. सही नाही, तारीख नाही. यंत्रांच्या नामपट्ट्या वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेलेली. नंबर नसेल तर वस्तू स्टोअरमध्ये घ्यायची नाही, ही हाडात भिनलेली सवय. "कोणाचा ते कळत नाही, मांडता येणार नाही," म्हणून मी तो परत दिला. आजींनी मुकाट्याने घोडा पिशवीत ठेवला.

मी काय घालवलं हे कळायला फेअर म्हणजे काय ते पाहावं लागेल.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा 1950 साली सुरू झाली. चित्रकला विभागाची धुरा आपल्या इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. (देवळालीकर मास्तरांचे ते विद्यार्थी. इंदूर-बडोदे हा धागा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुढे 1961 मध्ये इथे फाइन आर्ट्स फेअर भरू लागली. त्याच सुमारास के. जी. सुब्रमण्यन मुंबईतली हातमाग मंडळाची नोकरी संपवून बडोद्यात परतले होते. कारागिरांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. फेअरसाठी त्यांनी लाकूड, चामडं आणि मणी वापरून खेळणी केली. मुलांसाठी चित्रांची पुस्तकंही केली. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून वस्तू घडवायचे आणि गावाला परवडेल अशा भावात विकायचे.

यातलं तंत्र मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. लाकडाचा लहान तुकडा चालतो, म्हणून माल स्वस्त. अवयव सुटे, दोरीने ओवलेले, म्हणून खिळा-सांध्याची कटकट नाही आणि पोराच्या हातात मान हलते. एकाने कापायचं, दुसऱ्याने रंगवायचं. मग सही कोणी करायची?

चित्रप्रदर्शनाला गेलेला माणूस भिंतीसमोर उभा राहतो, मान डोलावतो, घरी जातो. फेअरला आलेला कारकून खिशात वस्तू घेऊन घरी जायचा. त्या प्रदर्शनाचा उरलेला अर्धा भाग मग वाड्यांतून, ओट्यांवर, पोरांच्या हातून चालू राहायचा, मोडतोडीसकट. आणि मी घोड्याच्या पोटाखाली सही शोधत होतो!

सहा-सात महिन्यांनी आजींच्या घरी गेलो. माफी मागितली, त्यांनी चहा केला. घोडा पुन्हा हातात घेतला तेव्हा मानेची दोरी नीट पाहिली. बाकीच्या दोऱ्यांपेक्षा ती बारीक आणि गुलाबी झाक असलेली. "मान तुटली होती," आजी म्हणाल्या. "उत्तरायण होतं. पोरगी रडायला लागली, तर ह्यांनी फिरकीतला मांजा काढून बांधली." पहिल्या खेपेला मी विचारलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं.

त्यानंतर आमच्या नोंदवहीतले रकाने बदलले. 'कलाकार' हा रकाना शेवटी गेला. आधी विचारतो: घरात कधी आली, कोणी आणली, कोण खेळलं, कुठे मोडली, कशाने जोडली. वस्तू आणणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेतो, त्याला वाचून दाखवतो आणि परत करायच्या तारखेसह पावती देतो. पाटीवर नाव लावायचं की नाही, तेही घरच्यांनी ठरवायचं. आजी म्हणाल्या, नाव नको, पण ह्यांचा मांजा लिहा.

दुसऱ्या प्रदर्शनात घोडा मांडला. काचेच्या पेटीला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून उघड्या टेबलावर ठेवून शेजारी एक कार्यकर्ता बसवला. पोरांनी मान हलवून हलवून पाहिली. मांजा अजून टिकून आहे.

तुमच्या माळ्यावर फेअरमधलं काही असेल तर घेऊन या. मोडलेलं असलं तरी चालेल. फक्त घरात नवीन दोरी बांधू नका.