बेघर कुटुंबे आणि मदतनिधीची सांगड

अमेरिकेत गरजू कुटुंबांसाठीचा 'टॅनफ' हा निधी १९९६च्या कायद्याने सुरू झाला. केंद्र सरकार राज्यांना त्यापोटी दरवर्षी सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर देते. हा आकडा महागाईप्रमाणे वाढलेला नाही. घरभाडी मात्र वाढत गेली. केंद्राच्या पैशातून नियमित रोख मदत साधारणपणे ६० महिनेच मिळते. बेघरपणा टाळण्यासाठी सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे : विशिष्ट अडचणीपुरती आणि चार महिन्यांच्या आतली मदत या ६० महिन्यांत मोजली जात नाही. थकलेले भाडे, नव्या घराची अनामत, वीजबिल त्यातून भागवता येते. २०१३मध्ये केंद्रीय आरोग्य व मानव सेवा विभागाने राज्यांना हे लेखी कळवले. त्यानंतरही आधार लागल्यास गृहनिर्माण विभागाच्या आपत्कालीन अनुदानातून तीन वर्षांत जास्तीत जास्त २४ महिने भाडे देता येते. अडचण जोडणीची आहे. दोन्ही निधींच्या यंत्रणा आणि पात्रतेच्या अटी वेगळ्या. मुलांना घेऊन निवाऱ्यात आलेल्या आईला दोन दारे ठोठावायला लावणे अन्यायाचे आहे. म्हणून काही ठिकाणी निवाऱ्यातच टॅनफचे अर्ज घेतले जातात.