कडेच्या नजरेतला सिलिंडर

नजर या शब्दावर खिळवा आणि पानाच्या कडेची अक्षरं वाचून पाहा. जमणार नाही. दोष भिंगाचा? थोडासाच. तिरपे येणारे किरण डोळ्यात एका बिंदूत जुळत नाहीत. चष्मेवाले ज्याला 'सिलिंडर' म्हणतात तसलाच हा दोष. शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी तो १८०१ मध्येच नोंदवला होता. पण योग्य काच लावून तो घालवला, तरी कडेचं वाचन फारसं सुधारत नाही, कारण तिथे दृष्टिपटलावरच्या चेतापेशीच विरळ असतात. सुधारतं ते वेगळंच: तिथे बारीक रेघा आहेत, एवढं कळू लागतं. गंमत अशी, की त्याच रेघा मग जाड किंवा भलत्याच दिशेच्या भासू शकतात. थोडा धूसरपणा असलेला बरा, असं मला तरी वाटतं.