लोणारचं गुलाबी पाणी आणि आपला डोळा

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. गावात तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण सांगितलं: हॅलोआर्किया, म्हणजे मिठात रमणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून खारेपणा वाढला, तसे ते माजले. पुढे रंग ओसरला, बातमीही संपली.

खरी नवलाई त्यापुढे आहे. याच कुळातला हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम नावाचा जीव उजेड पकडणारं एक प्रथिन बनवतो: बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. १९७१ साली ते ओळखलं गेलं आणि शास्त्रज्ञ चकित झाले, कारण आपल्या दृष्टिपटलातल्या ऱ्होडॉप्सिनसारखाच त्याच्याही पोटात रेटिनल हा रेणू होता. आपल्याला तो अ जीवनसत्त्वापासून मिळतो. पपई, शेवग्याचा पाला असं काहीच पोटात गेलं नाही तर रातांधळेपणा येऊ शकतो, तो यामुळेच.

मग ही दोन प्रथिनं एकमेकांची नातेवाईक आहेत का? प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. नातं तपासायला दोन माळा एकीखाली एक मांडायच्या आणि मणी जुळतात का बघायचं. मधे रिकाम्या जागाही सोडाव्या लागतात, कारण उत्क्रांतीत मणी गळतात, नवे घुसतात. माणूस आणि गाय यांचं ऱ्होडॉप्सिन असं मांडलं तर दोन्हीकडे ३४८ मणी, आणि १० पैकी ९ हून जास्त तंतोतंत सारखे! सूक्ष्मजीवाची २४८ मण्यांची माळ आपल्या माळेखाली ठेवली, तर मात्र योगायोगाने जुळावं त्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

घडण पाहिली की पुन्हा बुचकळ्यात पडायला होतं. दोन्ही माळा पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जातात, आणि रेटिनल दोन्हीकडे सातव्या फेरीतल्या लायसिन या मण्यालाच चिकटलेलं. कामं मात्र वेगळी. सूक्ष्मजीव उजेडाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलून ऊर्जा कमावतो. आपल्या डोळ्यातली काठीपेशी एका प्रकाशकणानेही जागी होते आणि मेंदूकडे खबर निघते.

पूर्वज एकच होता आणि खुणा पुसल्या गेल्या, की निसर्गाला हीच युक्ती दोनदा सुचली? यावर वाद आहे. मला दुसरं उत्तर जास्त पटतं.

डोळ्याचे डॉक्टर वाद मिटायची वाट पाहत थांबले नाहीत. २०२१ साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात, ४० वर्षांपूर्वी दृष्टिपटलाच्या आजाराचं निदान होऊन पुढे अंध झालेल्या माणसाच्या डोळ्यात शेवाळातल्या अशाच प्रथिनाचं जनुक सोडलं होतं. खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरची वही सापडू लागली.